आयडी फॅनचा ड्राफ्ट स्थिर का राहत नाही? आधी नळी बघा, पीआयडी नंतर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जांबोटी भागात काजूचा कारखाना आहे. तासाला ५०० किलो वाफ देणारा, टरफलं आणि लाकूड जाळणारा बॉयलर आहे. त्याच्याच वाफेवर कुकर आणि बोर्मा (काजूगर सुकवायचा ड्रायर) चालतो. आयडी फॅनला (भट्टीतला धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि ड्राफ्ट, म्हणजे भट्टीतली ओढ, सांभाळणारा कंट्रोलर बसवून एक हंगाम झाला. आता डिस्प्लेवर −३ मिमी (पाण्याच्या उंचीत मोजलेली ओढ) दिसतं, तरी भट्टीच्या दारातून धूर बाहेर येतो. फॅनचा आवाज सारखा वर-खाली होतो. सकाळी बॉयलर पेटवताना ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, वीज जाऊन आली की पुन्हा ट्रिप होतो, आणि पावसाळ्यात तर रीडिंग एका जागी चिकटूनच बसतं. तुम्ही विचारलंय की पीआयडीच्या (फॅनचा वेग किती आणि कसा बदलायचा ते कंट्रोलरला सांगणारे पी, आय, डी हे तीन आकडे) कोणत्या व्हॅल्यू टाकू, आणि कंट्रोलर बदलू का.

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातल्या अशा भट्ट्यांवर माझं बरंच काम झालंय. त्यावरून सांगतो, आज पीआयडीला हात लावू नका. कंट्रोलरला भट्टी दिसत नाही, त्याला फक्त नळीच्या टोकाचा दाब दिसतो. ती नळी खोटं सांगत असेल तर जगातली कुठलीही व्हॅल्यू टाका, धूर दारातूनच येणार.

तेव्हा नळीपासून सुरू करू. भट्टीच्या भिंतीतून ट्रान्समीटरपर्यंत (दाब मोजून कंट्रोलरला विजेचा सिग्नल देणारं यंत्र) येणारी सेन्सिंगची नळी किती जाडीची आहे? पुष्कळ ठिकाणी ६ मिमीची पॉलियुरेथेन नळी थेट भट्टीला जोडलेली असते. टरफलांत तेल असतं. ते नीट जळलं नाही की त्याचा डांबरासारखा काळा चिकट थर नळीत जमतो, आणि बारीक नळी काही दिवसांत बंद होते. भट्टीच्या भिंतीत किमान २५ मिमीचा पाइप घाला, बाहेर टी लावा, टीच्या सरळ तोंडाला प्लग ठेवा म्हणजे गज घालून साफ करता येईल, आणि आडव्या तोंडातून १२ मिमीची नळी ट्रान्समीटरला न्या. नळी भट्टीकडून ट्रान्समीटरकडे सतत चढती हवी. मध्ये कुठे पोट आलं की वाफेचं पाणी तिथे साठतं. पाण्याचा १० मिमीचा थेंबसुद्धा तुमच्या ३ मिमीच्या सेटपॉइंटच्या (कंट्रोलरला राखायला सांगितलेल्या ओढीच्या) तिप्पट आहे, हे लक्षात घ्या. साफ करताना आधी ट्रान्समीटर सोडवा, मगच कॉम्प्रेसरची हवा मारा. जोडलेला असताना मारली तर आतला पडदा फाटलाच म्हणून समजा.

आता ट्रान्समीटरचं दुसरं तोंड, जे मोकळ्या हवेत असतं. तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पावसाळ्यात रीडिंग चिकटतं म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे कुंभारीण माशी भिंतीच्या भोकात, चावीच्या छिद्रात चिखलाचं घर करते. ट्रान्समीटरचं मोकळं तोंड तिला अगदी मापाचं असतं. वरून बघितलं तर फक्त धूळ बसल्यासारखं वाटतं. सुईने टोकरलं की तांबड्या मातीचा गोळा निघतो, कधी आत अळीही असते. हे तोंड बंद झालं की आत कोंडलेली हवा उन्हात तापते, रात्री गार होते, आणि रीडिंगचा भट्टीशी संबंधच उरत नाही. त्या तोंडाला सिंटर्ड पितळेचा छोटा फिल्टर लावा, तोंड खाली करा, आणि जिथे वाऱ्याचा थेट झोत किंवा पाण्याची धार येत नाही अशा जागी ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडचा आषाढातला वारा शेडच्या एका बाजूने आत शिरतो तेव्हा ३ मिमीच्या हिशेबात तो चांगला जाणवतो. तोंड पॅनेलच्या आत असेल आणि पॅनेलला एक्झॉस्ट पंखा असेल, तर तेही चूक, कारण मग तुम्ही भट्टीची तुलना पॅनेलच्या आतल्या दाबाशी करताय.

नळी आणि दोन्ही तोंडं साफ झाली की शून्य तपासा. ट्रान्समीटरची दोन्ही तोंडं मोकळी सोडा, डिस्प्लेवर ० यायला हवा. मग तसंच ठेवून फॅन हँडवर, म्हणजे कंट्रोलरशिवाय हाताने वेग देऊन, चालू करा. मोटर चालू झाल्याबरोबर आकडा उडी मारायला लागला तर तो ड्राफ्ट नाही, ड्राइव्हचा विजेचा गोंगाट आहे. सिग्नलची वायर मोटरच्या केबलपासून वेगळी न्या, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, ड्राइव्हचं अर्थिंग बघा. हे तपासल्याशिवाय लोक फिल्टरचा वेळ वाढवत बसतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

पुढचा मुद्दा रेंजचा, म्हणजे किती ते किती मिमी मोजायचं त्याचा. डिस्प्लेवर −३ आणि दारातून धूर, याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. समजा ट्रान्समीटरवर −१० ते +१० मिमी छापलंय. ट्रान्समीटर आपला आकडा ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलने कळवतो, म्हणजे ४ मिलिअँपिअरला −१०, १२ ला शून्य, २० ला +१०. खरोखर −३ असेल तेव्हा तो ९.६ मिलिअँपिअर देतो. पण बसवणाऱ्याने कंट्रोलरमध्ये रेंज −२५ ते +२५ टाकली असेल, तर शून्याला दोघांचं जमतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र डिस्प्लेवर −३ दिसायला ११.०४ मिलिअँपिअर लागतात, आणि त्या वेळी भट्टीत खरी ओढ असते फक्त −१.२ मिमी. शिवाय भट्टीतली अर्ध्या मिलिमीटरची थरथर डिस्प्लेवर सव्वा मिलिमीटर दिसते, कंट्रोलर तिच्यामागे धावतो, आणि फॅनचा आवाज वर-खाली होतो. तुमची पहिली दोन लक्षणं या एकाच चुकीतून येऊ शकतात. ट्रान्समीटरची पाटी वाचा आणि कंट्रोलरमधली रेंज तिच्याशी तंतोतंत जुळवा. पाटीवर ±१०० मिमी असेल तर तो या कामाचा नाही. एक टक्का चूक धरली तरी २ मिमी होते, मग ३ मिमी कशावर धरणार?

पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा पाण्याने मोजलेलं बरं. साध्या यू नळीत ३ मिमीचा फरक डोळ्यांनी नीट वाचता येत नाही. त्यापेक्षा पारदर्शक लेव्हल ट्यूब एका फळीवर तिरकी बसवा, १०० मिमी लांबीला १० मिमी चढ ठेवा, खालच्या टोकाला एक रुंद बाटली जोडा आणि रंगीत पाणी भरा. भट्टीची नळी वरच्या टोकाला जोडली की ३ मिमीची ओढ तिरक्या नळीवर ३० मिमी सरकते. हिला खर्च जवळजवळ काही नाही, आणि डिस्प्लेवर भरवसा ठेवायचा की नाही ते ही फळी ठरवते. भट्टीवर कायमची टांगून ठेवा.

नळी भट्टीला कुठल्या उंचीवर लावली आहे हेही बघा. भट्टीतला गॅस तापून इतका हलका होतो की वर जाऊ तसतशी बाहेरच्या हवेच्या तुलनेत ओढ दर मीटरला सुमारे पाऊण मिलिमीटरने कमी होत जाते. जाळीजवळ −३ असेल, तर दोन मीटर वर छताशी ती −१.५ च्या आसपास उरते. म्हणून नळी भट्टीच्या वरच्या भागात, एफडीच्या (भट्टीत हवा फुंकणाऱ्या पंख्याच्या) झोतापासून आणि दारापासून लांब अशा बाजूच्या भिंतीला हवी. वर −२ ते −३ मिमी मिळाली की पुरे. धूर येतो म्हणून −८, −१० करून ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याने धूर थांबतो खरा, पण प्रत्येक फटीतून गार हवा आत ओढली जाते, भट्टी थंड पडते, अर्धवट जळलेलं टरफल चिमणीतून काळा धूर होऊन जातं आणि वाफ कमी पडते. मग फायरमन आणखी टरफलं टाकतो. सेटपॉइंट धूर थांबेल इतकाच ठेवा, त्यापुढे एक मिलिमीटरही नको.

आता कंट्रोलर. सगळ्यात आधी दिशा तपासा. ड्राफ्टला बरेच जण तापमानाचाच साधा पीआयडी कंट्रोलर लावतात. तो कारखान्यातून हीटिंगच्या हिशेबाने येतो, म्हणजे आकडा वाढला की आउटपुट कमी. आयडी फॅनला उलटं हवं, भट्टीतला दाब वाढला की फॅन जोरात. दिशा चुकली असेल तर फॅन एकतर सगळ्यात वर नाहीतर सगळ्यात खाली जाऊन अडकतो. तपासायला भट्टी गार असताना सेन्सिंगच्या नळीचं तोंड बंद करून टी लावा, टीला यू नळी आणि १० मिलीची सिरिंज जोडा आणि सिरिंज अगदी हलके दाबा. यू नळी जोडलेली असेल तर दाब जास्त झाला तरी पाणी उडून जातं, ट्रान्समीटर वाचतो. दाब वाढताच हर्ट्झ (ड्राइव्हवर दिसणारा फॅनचा वेग) चढायला लागले तर दिशा बरोबर.

पी म्हणजे नेमकं काय, हे त्या यंत्राच्या पुस्तकात बघा. काही कंट्रोलरमध्ये ते प्रपोर्शनल बँड असतं, आकडा मोठा तितकी चाल मऊ. ड्राइव्हच्या आतल्या पीआयडीत बहुधा ते गेन असतं, तिथे आकडा मोठा तितकी चाल तिखट. एकाची व्हॅल्यू दुसऱ्यात टाकली की गोंधळ ठरलेला, म्हणूनच कुणाच्या तरी पॅनेलवरून उतरवलेले आकडे मी देत नाही. रीत सांगतो. भट्टी पूर्ण आगीवर असताना कंट्रोलर हँडवर घ्या, कोणत्या हर्ट्झला −२.५ ते −३ स्थिर राहतो ते बघा. समजा ३२ मिळाले. मग ३५ करा आणि ड्राफ्ट किती बदलला, स्थिर व्हायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. डी शून्य ठेवा, ड्राफ्टचा सिग्नल जात्याच अस्थिर असतो, डी त्याला आणखी भडकवतं. आय २० ते ३० सेकंदांपासून सुरू करा, पी अगदी मऊ ठेवा, आणि ऑटोवर टाकून हळूहळू तिखट करत जा. फॅन झुलायला लागला की दोन पावलं मागे या. सिग्नलचा फिल्टर २ ते ४ सेकंद. १५-२० सेकंदांचा फिल्टर टाकून डिस्प्ले शांत दिसतो, पण कंट्रोलरला बातमी उशिरा कळते आणि झोके उलट वाढतात.

ड्राइव्हमधला वेगवाढीचा वेळ २० सेकंदांच्या आसपास आणि वेग उतरण्याचा ४० ते ६० सेकंद ठेवा. उतरण्याचा वेळ फार कमी ठेवला तर फॅनचं जड चाक स्वतःच मोटर फिरवतं, वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते आणि ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. वाढीचा वेळ मिनिटांत ठेवला तर कंट्रोलर हुकूम देऊन मोकळा होतो आणि फॅन मागून रेंगाळत येतो, तोही झोकाच. किमान वेग १५ ते २० हर्ट्झच्या खाली जाऊ देऊ नका, मोटरचा स्वतःचा पंखा त्या वेगाला तिला गार ठेवू शकत नाही. व्ही बाय एफ कर्व्ह (वेगाप्रमाणे मोटरला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) फॅन-पंपाचा निवडा. एखाद्या ठरावीक वेगाला फॅनचं फाउंडेशन थरथरत असेल तर ड्राइव्हमधून तेवढे हर्ट्झ वगळता येतात. पण आधी चाकावर डांबराचे थर बसलेत का ते बघा, टरफलांवर चालणाऱ्या बॉयलरवर निम्म्या वेळा कारण तेच निघतं.

सकाळच्या ओव्हरलोडचं कारण सरळ आहे. फॅन गरम, हलका गॅस ओढायला निवडलेला असतो. १८० अंशांच्या गॅसपेक्षा ३० अंशांची हवा दीडपट जड असते, म्हणून गार भट्टीत ५० हर्ट्झला मोटरवर दीडपट भार येतो. कंट्रोलरला ड्राफ्ट हवा असतो, नळी तुंबलेली म्हणून तो दिसत नाही, मग कंट्रोलर फॅन थेट ५० वर नेतो आणि ट्रिप. पेटवताना कमाल वेग ३५ हर्ट्झवर अडवा. फॅनची वीज वेगाच्या घनात बदलते, त्यामुळे ३५ ला दीडपट जड हवा ओढूनही भार पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास राहतो. चिमणीचं तापमान १०० अंशांच्या वर गेलं की अडसर काढा. जाता जाता एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथली हवा सुमारे ८ टक्के विरळ. कॅटलॉगमध्ये १०० मिमी दाब देणारा फॅन इथे ९२ च्या घरात देतो. नवीन फॅन घेताना विक्रेत्याला हे सांगा.

वीज जाण्या-येण्याचा भाग मात्र सावकाश वाचा, कारण इथे नुसत्या ट्रिपचा नव्हे, माणसाच्या अंगावर भडका येण्याचा प्रश्न आहे. वीज गेली की दोन्ही फॅन थांबतात, पण जाळीवरचं टरफल धुमसतच राहतं. हवा नाही, म्हणून जळाऊ वायू भट्टीत साठतो. वीज येताच एफडी आधी सुरू झाला, किंवा फायरमनने घाईने दार उघडलं, तर तो वायू एकदम पेट घेतो. म्हणून वायरिंगनेच असं करून टाका की आयडी फिरत नसेल तर एफडी सुरूच होऊ नये, आणि आयडी ट्रिप झाला की एफडी त्याच क्षणी बंद व्हावा. वीज आली की दार बंद ठेवून आयडी २५-३० हर्ट्झवर काही मिनिटं चालवा. भट्टी आणि धुराचा मार्ग मिळून जेवढी जागा आहे तिच्या पाचपट हवा बाहेर गेली पाहिजे. त्यानंतर एफडी. बंद करताना उलट क्रम, आधी एफडी, मग आयडी. ड्राइव्हला आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय असेल तर ती हा क्रम पक्का झाल्यावरच वापरा. आणि चिमणीचा डॅम्पर (धुराच्या वाटेतली झडप) वीज गेल्यावर उघडाच राहिला पाहिजे. २० मीटरची चिमणी १८० अंशांच्या गॅसला नुसत्या उंचीच्या जोरावर ७ मिमी ओढ देते, वीज नसताना तेवढी भट्टी सांभाळायला पुरेशी आहे.

वीज आल्यावरच्या ट्रिपचं कारण बहुतेक असं असतं की फॅन अजून फिरत असतो आणि ड्राइव्ह शून्यापासून सुरू करायला बघतो. ड्राइव्हमध्ये फ्लाइंग स्टार्ट किंवा स्पीड सर्च नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. फिरत्या फॅनचा वेग ओळखून तो तिथूनच पकडतो. आणखी एक, लाइनचं काम झालं की फेज उलटसुलट होतात आणि सगळे आयडी फॅनलाच दोष देतात. ड्राइव्हच्या आधीचे फेज उलटले तरी ड्राइव्हवरची मोटर उलटी फिरत नाही. पण बायपासवर (ड्राइव्ह टाळून) किंवा थेट स्टार्टरवर असलेला एफडी नक्की उलटा फिरतो, आणि उलटा फिरूनही तो हवा त्याच बाजूला टाकतो, फक्त कमी. त्यामुळे हात लावून कळत नाही. केसिंगवरच्या बाणाशी फिरण्याची दिशा डोळ्यांनी ताडून बघा.

दार उघडल्यावर काय होतं, हे कंट्रोलरला शिकवलं नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही फॅन शांत बसणार नाही. फायरमनमामा दार उघडून चार पाट्या टरफल टाकतात, भट्टीची ओढ शून्याला येते, कंट्रोलर घाबरून फॅन वर नेतो, उघड्या दारातून गार हवेचा लोंढा आत शिरतो. दार बंद झाल्यावर फॅन उतरेपर्यंत भट्टी गारठलेली. दाराला एक लिमिट स्विच (दाराच्या हालचालीने चालू-बंद होणारा) लावा. दार उघडलं की कंट्रोलरचं आउटपुट आहे तिथेच थांबावं आणि एफडी बंद व्हावा, म्हणजे जाळ मामांच्या तोंडावर येणार नाही. दार लागल्यावर १० सेकंदांनी दोन्ही पूर्ववत. मामांनाही सांगा, एका वेळी चार पाट्यांऐवजी एक एक पाटी, जास्त वेळा. कंट्रोलरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा फरक मोठा पडतो.

पुढे दुरुस्तीसाठी रोज एकाच भाराला तीन आकडे वहीत लिहायला लावा: हर्ट्झ, फॅनच्या तोंडाशी असलेली ओढ आणि चिमणीचं तापमान. हर्ट्झ ३२ वरून ४० वर गेले, फॅनच्या तोंडाशी ओढ वाढली आणि चिमणी जास्त तापली, तर ट्यूबांत काजळी बसली आहे. हर्ट्झ वाढले पण चिमणीचं तापमान उतरलं, तर साफसफाईच्या दारातून किंवा गॅस्केटमधून गार हवा शिरतेय. चालू बॉयलरवर सांध्यांजवळ उदबत्ती फिरवा, धूर आत ओढला जाईल तिथे फट. ओढ तेवढीच आणि हर्ट्झ मात्र जास्त, तर दोष फॅनमध्येच, पट्टा सैल किंवा चाक झिजलेलं.

कंट्रोलर बदलायचा का? सध्या नको. आधी रेंज जुळवा, नळी मोठी करा, लिमिट स्विच लावा. नळीचं फॅब्रिकेशन आणि स्विच बेळगावच्या उद्यमबागेत एका दिवसात होऊन जाईल. ट्रान्समीटर ±१०० मिमीचा निघाला तर पैसा तिथे घाला, ±१० किंवा ±२५ चा घ्या. मात्र पाण्याची पातळी आणि वाफेचा दाब यांच्या सुरक्षेच्या वायरी या कंट्रोलरमधून नेऊ नका, त्या स्वतंत्रच राहू द्या. एवढं करून फळीवरचा आकडा आणि डिस्प्ले जुळत नसेल तर ट्रान्समीटरच्या पाटीचा फोटो आणि हँडवर घेतलेले हर्ट्झ-ड्राफ्टचे आकडे पाठवा, त्यावरून पी आणि आय सांगतो.